लोकांना आवडणारं प्राणिसंग्रहालय: नेमकं काय मोजायचं? (महाराजबाग आणि गोरेवाडा)

धरमपेठ_प्रकल्पगट

नमस्कार मंडळी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटाला प्रकल्प मिळाला आहे: 'पाहायला येणाऱ्याच्या नजरेत उत्तम प्राणिसंग्रहालय म्हणजे काय'. पाहणी नागपुरातच, महाराजबाग आणि गोरेवाडा अशा दोन ठिकाणी करायची आहे. अडचण अशी की दोन्हींचा घाटच वेगळा. महाराजबाग शहराच्या मधोमध, कृषी महाविद्यालयाच्या अखत्यारीत, पायी फिरायची. गोरेवाड्याची इंडियन सफारी काटोल रोडला, २६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेली, बसमध्ये बसून पाहायची. दोन्हींना एकच फूटपट्टी कशी लावायची?

आमच्या यादीत सध्या प्राण्यांची संख्या, स्वच्छता, तिकीट, उपाहारगृह आणि पार्किंग आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं, ही यादी कोणत्याही बागेला लागू पडेल, यात प्राणी कुठे आहेत? जाणकारांनी सांगावं, लोक मनात नेमके कशाला गुण देतात? आणि ते मोजायचं कसं?

---

खंदक_आणि_जाळी

तुमच्या मार्गदर्शकांचं बरोबर आहे. प्राण्यांची संख्या पहिली काढून टाका. चाळीस जातींच्या चाळीस पिंजऱ्यांपुढून माणूस चालत जातो, थांबत नाही. दहा मोठ्या आवारांपुढे थांबतो. लोकांची पसंती थांबण्यात दिसते, म्हणून मोजायचं ते 'एका आवारापुढे किती सेकंद उभे राहिले'.

थांबणं मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं.

पहिली, नजरेची पातळी. जुन्या बागांमध्ये वरून खाली पाहायचे कठडे असतात. वरून पाहिलं की प्राणी खुजा दिसतो, त्याला वरून माणसांचा दबाव जाणवतो आणि वस्तू खाली टाकायला माणसाचा हात सहज जातो. प्राणी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा जरा उंचावर असला की गर्दी आपोआप हळू बोलते. म्हणून आवाराच्या आत मातीचा उंचवटा करून त्यावर बसायची जागा देतात आणि पाहणाऱ्याचा रस्ता फूटभर खाली ठेवतात. लहान मुलांसाठी काचेची खालची कड जमिनीपासून ४०-५० सेंटिमीटरवर हवी. ती ९० सेंटिमीटरवर ठेवली की प्रत्येक बाप पोराला खांद्यावर घेतो, मागच्यांना काही दिसत नाही आणि त्या एका जागी रेटारेटी होते. बऱ्याच ठिकाणी 'गर्दीचं व्यवस्थापन' म्हणून शिट्टीवाला माणूस उभा करतात, खरं दुखणं काचेच्या उंचीचं असतं.

दुसरी, मधला अडथळा. जाळी असेल तर तिला मॅट काळा रंग द्या. चंदेरी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी उन्हात चकाकते आणि डोळा जाळीवरच अडकतो, काळी जाळी तीन-चार फुटांवरून जवळपास नाहीशी होते. इतका स्वस्त आणि इतका परिणाम करणारा दुसरा बदल माझ्या पाहण्यात नाही. काच असेल तर ती लॅमिनेटेड हवी, पाहणाऱ्याच्या बाजूला छप्पर आणि गडद रंगाची भिंत हवी. माणूस अंधारात आणि प्राणी उजेडात असला तरच प्रतिबिंब पडत नाही. पश्चिमेला तोंड करून काच बसवली तर दुपारी तीननंतर तिच्यात फक्त आपलेच चेहरे दिसतात. काचेची दुसरी अडचण म्हणजे लोक ती वाजवतात. त्यावर पाटी चालत नाही, काचेपुढे मीटरभराची झुडपांची पट्टी किंवा कठडा चालतो. खंदक असेल तर मधे काही येत नाही, पण प्राणी लांब जातो. खंदकाच्या पलीकडचा काठ उघडा ठेवून सावलीचं झाड आणि पाणी मागच्या भिंतीला लावलं, तर वाघ दिवसभर मागेच राहणार. सावली आणि हौद पाहणाऱ्याच्या बाजूला आणा, वाघ आपणहून पुढे येतो.

तिसरी, पाहायच्या जागा किती बाजूंना आहेत. चारही बाजूंनी माणसं असली की प्राणी मधोमध अंग चोरून बसतो किंवा आत जायच्या दारापाशी घुटमळतो. एका बाजूला, फार तर दोन बाजूंना, झाडीने तोडलेले छोटे कट्टे ठेवावेत. त्याचा आणखी एक फायदा: पुढच्या कट्ट्यावरचे लोक या कट्ट्यावरून दिसत नाहीत, म्हणून जागा मोठी वाटते.

मोठी वाटणं महत्त्वाचं आहे, कारण नियमातलं किमान क्षेत्र तसं फार नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण ज्यावर चालतं त्या २००९च्या नियमांत वाघाच्या जोडीला किमान १,००० चौरस मीटर आणि बिबट्याच्या जोडीला ५०० चौरस मीटर मोकळं आवार सांगितलं आहे. १,००० चौरस मीटर म्हणजे जेमतेम दहा गुंठे. तेवढ्यात झाडं, दगड, उतार नीट मांडले तर ते रान वाटतं. सपाट करून मधे सिमेंटचं पिंप ठेवलं तर दोन एकरही कोंडवाडा वाटतो.

नुसता आकार काही ठरवत नाही याचा दाखला म्हणून हे टिपून ठेवा. प्राधिकरणाने २०२२मध्ये देशातल्या मोठ्या प्राणिसंग्रहालयांचं व्यवस्थापन तपासून गुण दिले, तेव्हा दार्जिलिंगचं पद्मजा नायडू हिमालयन पार्क ८३ टक्क्यांनी पहिलं आलं, चेन्नईजवळचं वंडलूर ८२ने दुसरं, म्हैसूर ८०ने तिसरं. वंडलूर सुमारे ६०२ हेक्टरचं, क्षेत्रफळात दार्जिलिंग त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी हे गुण व्यवस्थापनाचे आहेत, पाहणाऱ्यांचे नाहीत, हा फरक अहवालात स्पष्ट लिहा.

---

चारा_पाणी_औषध

वरच्या उत्तरातलं आवाराचं सगळं पटतं. एक गोष्ट जोडायलाच हवी, नाहीतर अर्धंच चित्र राहील. 'प्राणी पुढे आणा' हे खरं, पण त्याला लपायची जागा काढून घेऊन पुढे आणू नका. लपायला जागा असलेला प्राणी जास्त वेळा बाहेर येतो, कारण परत जाता येईल याची त्याला खात्री असते. लपण काढलं की तो येरझारा घालायला लागतो. वाघ कठड्याच्या कडेने त्याच वाटेने, त्याच वळणावर वळत फिरतो. ते पाहून मुलं म्हणतात 'बघ, किती फिरतोय', पण मोठ्या माणसांना काहीतरी चुकतंय हे जाणवतं आणि ते लवकर पुढे सरकतात. तुमच्या फॉर्ममध्ये 'प्राणी काय करत होता' हा रकाना ठेवा आणि त्यात 'येरझारा' वेगळं नोंदवा. 'चालत होता' यात ते मिसळू देऊ नका.

येरझारा बहुधा संध्याकाळी वाढतात. कारण साधं: मांस ठरल्या वेळी, आतल्या खोलीत मिळतं. वाघाला खोलीचं दार कधी उघडणार हे पक्कं ठाऊक असतं, तो तासभर आधीपासून दाराशी फेऱ्या घालतो. नेमकी तीच वेळ रविवारच्या गर्दीची. उपाय आहारात आहे. पूर्ण वाढलेल्या नराला दिवसाला साधारण आठ-दहा किलो मांस लागतं, बहुतेक ठिकाणी आठवड्यात एक दिवस उपास असतो. त्यातला किलो-दीड किलो भाग सकाळी आवारातच द्यायचा, तोही रोज वेगळ्या जागी: ओंडक्यामागे, दगडाच्या फटीत, झाडाला टांगून. सोडल्याबरोबर वाघ वास काढत तासभर फिरतो. पाहणाऱ्याला शोध घेणारा वाघ दिसतो, वाघाला काम मिळतं. गोणपाटात वाळलं गवत भरून त्यावर जायफळ किंवा दालचिनीची पूड चोळली, किंवा हरणाच्या गोठ्यातलं गवत भरलं तरी चालतं. मात्र गोणपाटाची नायलॉनची शिवण आधी उसवून काढा, दोरा गिळला तर आतड्यात अडकतो.

अस्वलाला ओंडक्यात दोन-तीन सेंटिमीटर रुंद, दहा-पंधरा सेंटिमीटर खोल भोकं पाडून त्यात मध किंवा गूळपाणी. अस्वलाच्या जिभेला आणि ओठांना हेच काम येतं, तो अर्धा-पाऊण तास एका ओंडक्याला चिकटतो. उन्हाळ्यात बादलीत फळं आणि पाणी घालून गोठवलेली बर्फाची लादी. दहा लिटरची बादली साध्या डीप फ्रीजरमध्ये पुरती गोठायला दिवसाहून जास्त लागतो, म्हणून दोन दिवस आधी लावायची. रोज एकच प्रकार केला की चौथ्या दिवशी प्राणी ढुंकून पाहत नाही. सहा-सात प्रकार फिरते ठेवायचे आणि तक्ता भिंतीला लावायचा.

आणि झोपेबद्दल. वाघ दिवसाचे सोळा-सोळा तास आडवा असतो. तरस, साळिंदर, उदमांजर हे तर रात्रीचेच. लोक झोपलेल्या प्राण्याला खडे मारतात कारण त्यांना वाटतं तो आजारी आहे किंवा आपले पैसे वाया गेले. तिथे 'दगड मारू नका' लिहून काम होत नाही. 'हा आता झोपला आहे. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर तो फिरताना दिसण्याची शक्यता जास्त' असं लिहिलं की माणूस वेळ पाहतो आणि परत यायचं ठरवतो. कायदा आहेच: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमानुसार प्राण्याला छेडणं, खायला घालणं, गोंगाटाने त्रास देणं आणि आवारात कचरा टाकणं, सगळं गुन्ह्यात येतं. पण कायद्याची पाटी प्रवेशद्वाराशी एक पुरे.

---

नवतपा_नागपूर

वरच्या दोघांनीही उन्हाचं नाव फारसं घेतलं नाही, म्हणून लिहितो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) दुपारी दोनला बागेत आलेला माणूस वाघ नाही पाहून राहत भाऊ, सावली पाहून राहते. त्यामुळे नागपूरचं प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट हे अर्धं रस्त्यावर ठरतं.

रस्ता एकेरी गोल हवा. जिथून निघालो तिथेच बाहेर, मधे कुठेही 'आता मागे फिरा' नाही. दर शंभर-सव्वाशे मीटरला सावलीतला बाक. सावली झाडाचीच. पत्र्याच्या शेडखाली उन्हात भट्टी होते, पत्रा तापून वरून झळ मारतो. झाड लावायला वेळ नसेल तर दुहेरी हिरवी नेट, दोन थरांत फूटभर अंतर ठेवून. एकच थर लावला तर त्याच्याखाली गरम हवा कोंडते. करंज आणि कडुनिंब ऐन उन्हाळ्यात हिरवे असतात. गुलमोहर दिसतो सुंदर, पण एप्रिलभर पानांविना उभा असतो, त्याच्या भरवशावर बाक ठेवू नका.

पाण्याचा प्याऊ प्रत्येक वळणावर. एकच मोठा कूलर प्रवेशद्वाराशी ठेवला की पुढचे दीड तास लोक तहानलेले, आणि मग बाहेरून आणलेल्या बाटल्या झुडपांत पडतात. प्लास्टिक हा नुसता दिसायचा प्रश्न नाही. चितळ-सांबरांच्या पोटात ते पहिल्या कप्प्यात साठत जातं, पुढे सरकत नाही, गोळा होतो आणि जनावर पोट भरलेलं वाटून चारा सोडतं. बाटलीला स्टिकर आणि दहा रुपये अनामत, बाहेर पडताना बाटली दाखवून परत, ही पद्धत चालते. फक्त परताव्याची खिडकी बाहेरच्या दाराशीच हवी. ती तिकीट खिडकीत ठेवली तर लोक रांगेला कंटाळून पैसे आणि बाटली दोन्ही सोडून देतात.

स्वच्छतागृह प्रवेशाशी एक, अर्ध्या वाटेवर एक. बायांकडच्या रांगेसाठी तिकडे जागा जास्त लागतात, सारख्या संख्येने बांधलं की रांग तिथेच लागते. चाकाच्या खुर्चीसाठी चढ १ला १२: म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबीचा उतार. तीन पायऱ्यांवर एक लाकडी फळी टाकली म्हणजे रॅम्प होत नाही.

प्राण्यांकडचे कूलर हेही लोक पाहतात आणि त्याचं त्यांना बरं वाटतं. वाळ्याच्या ताट्यांचे डेझर्ट कूलर कोरड्या उन्हात उत्तम काम करतात. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की त्यांचा उपयोग संपतो, तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालवायचा. कूलरच्या टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून कोरडी करायची, नाहीतर डासांची पैदास तिथेच. फवारे लावले असतील आणि बोअरचं पाणी जड असेल तर नोझल पंधरा दिवसांत क्षाराने बुजतात. रात्रभर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवले की मोकळे होतात.

पाट्यांचं एकच सांगतो. मराठीत, आणि अक्षर मोठं. अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर तीन मीटरवरून आरामात वाचता येतं. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, ओळींत अंतर जास्त ठेवलं नाही तर सगळं चिकटतं. एका पाटीवर चाळीस-पन्नास शब्द पुरे, लॅटिन नाव शेवटी आणि लहान.

---

धरमपेठ_प्रकल्पगट

खूप उपयोगी. दोन शंका आहेत. सफारीच्या बसमध्ये 'थांबण्याचा वेळ' प्रवाशाच्या हातात नसतो, चालकाच्या हातात असतो. तिथे काय मोजायचं? आणि फॉर्म किती जणांकडून भरून घ्यावेत?

---

नमुना_आणि_नोंद

बसमध्ये वेगळं मोजा. प्रत्येक भागाला (अस्वल, बिबट, वाघ, तृणभक्षी) तीन नोंदी: प्राणी दिसला की नाही, किती अंतरावर, बसच्या कोणत्या बाजूला. तिसरी नोंद विसरू नका. प्राणी डावीकडे असला आणि चालकाने बस वळवून थांबवली नाही, तर उजव्या बाजूच्या निम्म्या प्रवाशांच्या लेखी तो दिसलाच नाही, आणि तेच उतरल्यावर नाराजी सांगतात. 'सफारीत काही दिसलं नाही' या तक्रारीतली बरीच तक्रार बाजूची असते. दोन भागांच्या मधल्या दुहेरी फाटकाशी बस थांबते तो वेळही घ्या. एक फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, सुरक्षेसाठी ते हवंच. पण त्या दीड-दोन मिनिटांत मार्गदर्शक बोलला तर लोकांना ते सफारीचाच भाग वाटतं, गप्प बसला तर खोळंबा वाटतो. तिकिटापासून बस सुटेपर्यंतची प्रतीक्षा वेगळी लिहा, ती बसमधल्या अनुभवात मिसळली तर आकडे काही सांगणार नाहीत.

पायी भागात तीन आवारं निवडा: एक लोकांचं लाडकं (वाघ), एक मधलं (अस्वल किंवा मगर), एक दुर्लक्षित (पक्षी). प्रत्येकापुढून जाणारा दर पाचवा गट घ्या. गटातला पहिला माणूस थांबला की घड्याळ सुरू, शेवटचा हलला की बंद. जे थांबलेच नाहीत त्यांची शून्य म्हणून नोंद करा. ती गाळली की सरासरी खोटी फुगते, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हीच चूक सगळ्यात जास्त होते. शाळेची सहल एक गट धरायची, आणि वेगळ्या कागदावर. शिक्षकांच्या शिट्टीवर हलणाऱ्या ऐंशी मुलांचं थांबणं त्यांचं स्वतःचं नसतं.

सरासरीबरोबर मध्यक (सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) काढा. एखादा छायाचित्रकार वाघापुढे चाळीस मिनिटं बसला की सरासरी बिघडते, मध्यक बिघडत नाही. प्रत्येक नोंदीपुढे वेळ, तापमान आणि प्राण्याची हालचाल लिहा. शेवटी तक्ता लावाल तेव्हा 'हालचाल असताना' आणि 'झोपलेला असताना' असे दोन रकाने वेगळे पडतील, आणि तुमच्या प्रकल्पाचा गाभा तिथे असेल.

फॉर्म दोन्हीकडे मिळून दोनशे झाले तर बरं. रविवार आणि एक साधा वार, सकाळ आणि संध्याकाळ, असे चारही कप्पे सारखे भरा. प्रश्न आठच्या वर नकोत, तीन मिनिटांत संपले पाहिजेत. बाहेरच्या दाराशी उभं राहून विचाराल तर दमलेली माणसं 'छान आहे, छान आहे' म्हणून सुटका करून घेतात. शेवटच्या बाकाशी, प्याऊजवळ, बसलेल्यांना विचारा. 'आवडलं का?' हा प्रश्न टाळा, त्याला आपल्याकडे 'हो' हेच उत्तर येतं. त्याऐवजी हे विचारा:

कोणत्या प्राण्यापुढे सगळ्यात जास्त वेळ उभे होता?
तो तेव्हा काय करत होता?
काय शोधलं आणि मिळालं नाही?
कुठे दमलात?
एखाद्या प्राण्याबद्दल आधी माहीत नव्हतं असं काय कळलं?
कोणत्या जागी पाहुण्यांना परत आणाल?

शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार बोलका आहे. नागपुरात पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं याचा विचार घरोघरी होतो, आणि माणूस पाहुण्यांना आपल्याला खात्री असलेल्या जागीच नेतो. कर्मचाऱ्यांसारखा खाकी किंवा ओळखपत्राची लाल फीत घालून विचारू नका, तक्रारी गळतात. आणि आधी दोन्हीकडच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या, ऐनवेळी दाराशी अडवलं तर आठवडा जातो.

---

चारा_पाणी_औषध

एक भर. 'बंद' हाही अनुभवाचा भाग आहे, फॉर्ममध्ये घ्या. नियमानुसार आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवावं लागतं. ते प्राण्यांच्या विश्रांतीसाठी आणि आवारातल्या दुरुस्तीसाठी असतं. रोगामुळे होणारी बंदी वेगळी. डिसेंबर २०२४मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने दगावले. मार्जारकुळाला हा विषाणू बाधित पक्ष्याच्या कच्च्या मांसातून लागू शकतो, म्हणून अशा वेळी कोंबडीचं मांस थांबवणं, दाराशी जंतुनाशकाचे पायपुसणे, पिंजऱ्यांची फवारणी आणि लोकांची ये-जा बंद करणं हे सगळं एकदम करावं लागतं. चपलांच्या तळाला लागून घाण आत जाते हे लोकांना सांगितलं की ते समजून घेतात. दाराशी येऊन नुसतं कुलूप दिसलं की चिडतात.

बचाव केंद्र लोकांना पाहण्यासाठी नसतं हेही फॉर्ममध्ये एका ओळीत छापा. जखमी किंवा माणसांच्या वस्तीतून पकडलेला बिबट्या गर्दीपुढे ठेवला तर तो जाळीवर आदळून दात आणि नखं मोडून घेतो. बरेच लोक 'तिथे इतके वाघ आहेत, आम्हाला दाखवत का नाहीत' असं विचारतात आणि त्याचा राग सफारीच्या गुणांवर काढतात.

---

धरमपेठ_प्रकल्पगट

कळलं. म्हणजे सफारीसाठी दिसणं, अंतर, बाजू आणि प्रतीक्षा, पायी भागासाठी सेकंद आणि हालचाल, आणि दोन्हीकडे तेच सहा प्रश्न. फॉर्मचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत इथे टाकतो. हालचालीच्या रकान्यात किती प्रकार ठेवावेत?

---

चारा_पाणी_औषध

सहा पुरे: झोप, जागा पण बसलेला, चालणं, येरझारा, खाणं किंवा शोधणं, पाण्यात. सातवा रकाना 'दिसला नाही'. चालणं आणि येरझारा यांत गोंधळ होतो, म्हणून व्याख्या आधी ठरवा: त्याच वाटेने लागोपाठ तीन फेऱ्या झाल्या की येरझारा. गटातल्या दोघांनी एकाच वाघाची अर्धा तास वेगवेगळी नोंद करून ताडून पाहा. दहापैकी नऊ नोंदी जुळल्या तरच पुढचं काम सुरू करा.